गाडीचा रंग ठरवताना मे महिन्यातली दुपार आठवावी

नवी गाडी घ्यायचे घरात ठरल्यावर मॉडेल, इंधन आणि कर्जाचा हप्ता या तिन्ही गोष्टी फारसा वाद न होता मार्गी लागल्या. घोडे अडले ते रंगावर. मुलीला काळी गाडी हवी होती, सौभाग्यवतींना लाल चालणार होती आणि जळगावात जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे आमचे मेहुणे पांढऱ्याखेरीज दुसऱ्या रंगाचे नावही काढू देईनात. माझे म्हणणे एवढेच होते की शोरूममध्ये दिव्यांच्या झोतात चकाकणारी गाडी आपल्याला एकदाच दिसते, आणि पुढची दहा-बारा वर्षे दिसते ती उन्हात तापलेली, धुळीने माखलेली आणि कुठे ना कुठे घासली गेलेली गाडी. तेव्हा रंग निवडायचा तो या दुसऱ्या गाडीसाठी.

खानदेशात हा विचार उन्हापासूनच सुरू करावा लागतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जाणे आपल्याला नवे नाही. जळगाव साधारण २१ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो. म्हणजेच सर्वाधिक ऊन गाडीच्या दारांवर नव्हे, तर छपरावर आणि बॉनेटवर पडते. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काळी आणि चंदेरी अशा दोन होंडा सिव्हिक गाड्या शेजारी-शेजारी उन्हात उभ्या केल्या होत्या. तासाभरानंतर छपरांच्या तापमानात २५ अंशांपर्यंत, तर आतील हवेच्या तापमानात ५ ते ६ अंशांचा फरक आढळला. आमच्या धुळ्याच्या काकांनी हे सगळे अहिराणीतल्या एका वाक्यात सांगितले होते : "काया रंगनी गाडी उन्हायामा तवा व्हई जास, भो." अर्थात गाडीच्या आत येणारी बरीचशी उष्णता काचांमधून येते, त्यामुळे पांढरी गाडी घेतली म्हणजे आत गारवा राहील असे कोणी समजू नये, एसीला तुलनेने कमी वेळ झगडावे लागते, इतकाच त्याचा अर्थ.

याच कारणाने सध्या लोकप्रिय असलेला दुरंगी प्रकार मला मुळीच पटला नाही. खाली फिकट रंग आणि वर काळे छप्पर ही जोडी दिसायला देखणी आहे, यात शंका नाही; परंतु जिथे ऊन सर्वांत जास्त पडते, नेमका तिथेच काळा रंग द्यायचा आणि त्यासाठी वर जास्तीचे पैसेही मोजायचे, हा हिशेब आपल्या भागात जमणारा नाही.

उन्हानंतरचा प्रश्न धुळीचा. यावल-रावेरकडे शेताच्या रस्त्याने उन्हाळ्यात उडणारी धूळ वाळल्यावर करड्या रंगाची दिसते, महामार्गालगतच्या कामांवर मुरमाची पिवळसर धूळ असते आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल दारांच्या निम्म्यापर्यंत चढतो. सकाळी पुसलेल्या काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. चंदेरी आणि फिकट करड्या रंगावर धूळ सर्वांत कमी उठून दिसते, पांढऱ्यावरही ती बऱ्यापैकी लपते. मात्र पावसाळ्यातला चिखल पांढऱ्यावर लांबूनही दिसतो. गडद रंगाची आणखी एक अडचण पाण्याची आहे. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुऊन ती तशीच उन्हात वाळू दिली, तर प्रत्येक थेंबाच्या जागी क्षाराचे पांढरे वर्तुळ राहते, आणि ते घालवण्यासाठी कोरड्या फडक्याने घासावे, तर क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, बारीक गोलाकार ओरखडे उठतात. हे ओरखडे पांढऱ्या गाडीवरही पडतात, पण तिच्यावर ते शोधावे लागतात.

तथापि मला सर्वांत अधिक शिकवले ते आमच्या ओळखीच्या पेंटरने. नवी गाडी घेण्यापूर्वी डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याला रंग विचारावा, हे बहुतेकांना सुचत नाही. विक्रेत्याला गाडी एकदाच द्यायची असते, पेंटरला मात्र ती पुन्हा पुन्हा पाहावी लागते. कारखान्यात पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट असे थर दिले जातात आणि ते भट्टीत भाजून पक्के केले जातात. या सगळ्यांची मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. गॅरेजमध्ये तोच रंग हाताने, फवारणीच्या बंदुकीने द्यावा लागतो. साध्या, म्हणजे सॉलिड रंगात कोड (कंपनीने त्या शेडला दिलेला क्रमांक) बरोबर असला आणि शेड जमली की काम भागते. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म पापुद्रे मिसळलेले असतात आणि ते पत्र्यावर कसे आडवे-तिरपे बसतात यावर चमक ठरते. फवारणीचा दाब, बंदुकीचे अंतर किंवा रंगाचा ओलेपणा थोडा बदलला, तरी तोच कोड वेगळा दिसू लागतो. आमच्या आधीच्या करड्या मेटॅलिक गाडीचा मागचा दरवाजा एका गॅरेजमध्ये रंगवून घेतला होता. तो समोरून पाहता अगदी जुळलेला वाटे, पण बाजूने तिरके पाहिले की तेवढाच दरवाजा गडद दिसे. हा फरक टाळायचा तर बाजूच्या पॅनलवरही हलकी फवारणी करून शेड मिसळत न्यावी लागते, म्हणजे घासला जातो एक दरवाजा आणि खर्च होतो दोन-तीन पॅनलचा.

पेंटरचे शेड जुळवण्याचे काम पाहण्यासारखे असते. तो गाडीच्या टाकीचे बाहेरचे झाकण काढून रंगाच्या दुकानात घेऊन जातो, कारण नुसत्या कोडवर विसंबून चालत नाही; वर्षानुवर्षे उन्हात राहिलेल्या गाडीचा रंग कोडपेक्षा थोडा उतरलेला असतो. दुकानदार थेंब-थेंब रंग मिसळून पट्टीवर नमुना मारतो, तो वाळू देतो आणि मग दोघेही झाकण व पट्टी घेऊन दुकानाबाहेर उन्हात येऊन उभे राहतात. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड उन्हात फसवू शकते, हे त्यांना पक्के ठाऊक असते. गाडी घेणाऱ्यानेही हीच युक्ती वापरावी आणि रंग शोरूममध्ये न पाहता यार्डात, भर दुपारी पाहावा.

पांढऱ्यातही दोन प्रकार आहेत. पर्ल व्हाइटमध्ये पांढऱ्या बेसवर अभ्रकाचा अर्धपारदर्शक थर आणि त्यावर क्लिअर कोट असतो. मधल्या थराचे हात कमी-जास्त झाले की शेड बदलते, त्यामुळे दुरुस्तीला तो मेटॅलिकहूनही अवघड समजला जातो. साधा पांढरा त्या मानाने निरुपद्रवी. लाल रंग उन्हात लवकर फिका पडतो, ही समजूत क्लिअर कोट नसलेल्या जुन्या गाड्यांवरून आली असली, तरी ती अगदीच निराधार नाही. नंतर रंग बदलू असे म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की रंगाची नोंद आरसी बुकात असते, त्यामुळे तो बदलल्यास आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागते. लष्करी ऑलिव्ह ग्रीन तर खासगी गाडीला चालतच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवला आहे.

शेवटी स्पर्धा चंदेरी आणि साधा पांढरा या दोघांतच उरली. धुळीच्या बाबतीत चंदेरी सरस होता. परंतु तो मेटॅलिक, आणि जळगावच्या फुले मार्केटच्या आसपासच्या गर्दीत रिक्षा आणि दुचाकी घासून जाण्याचे प्रसंग काही चुकत नाहीत, त्यामुळे दुरुस्तीची सोय मला अधिक मोलाची वाटली. मुलीला यार्डात नेऊन दुपारी काळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवायला सांगितले. तिने तो लगेच काढून घेतला आणि रंगाचा आग्रहही सोडला, मात्र आतील सीट कव्हर आपल्याच पसंतीची असतील, हे कबूल करून घेतले. साधी पांढरी, एकरंगी गाडी बुक केली असून ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी येईल. पेंटरने ती आल्या दिवशीच गाडीवरील माहितीच्या पट्टीवरचा कलर कोड लिहून ठेवायला सांगितले आहे. मेहुण्यांना हा आपलाच विजय वाटतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात मिळणाऱ्या किमतीचा या निर्णयाशी काही संबंध नाही, असे मी त्यांना दोनदा समजावून पाहिले. ते ऐकून घेतात आणि हसतात.