लिनक्स निवडताना वायफायने रडवलं

विंडोजऐवजी लिनक्स घ्यायचं, तर त्याचं कोणतं डिस्ट्रो (म्हणजे वापरायला तयार असा अवतार) घ्यावं असं विचारलं, की लोक डेस्कटॉप कसा दिसतो यावर तासभर बोलतात. वायफायच्या चिपबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. आणि माझं घोडं तिथेच पेंड खात होतं.

विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, विंडोज 11 च्या अटींत लॅपटॉप बसेना, म्हणून हा उद्योग. डिस्ट्रोंपैकी फेडोरा लगेच बाद केलं: दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि एकेकीला जेमतेम तेरा महिने अपडेट. आर्च सांभाळायला हौस लागते, मला ब्राउझर आणि लिब्रेऑफिस पुरे. उरलं उबंटू एलटीएस (उबंटूची दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) आणि त्यावरच बेतलेलं मिंट. दोन्हींना पाच वर्षं अपडेट. त्यांतलं एक टाकलं.

आणि वायफायच्या यादीत एकही नेटवर्क नाही. चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा टाकायचा, त्यासाठी इंटरनेट हवं, आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर! (फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळतं; बहुतेकदा लगेच चालतं.) ड्रायव्हर टाकताना मध्येच एक पासवर्ड बनवायला लावला. कशासाठी, ते कळेल अशा भाषेत कुठेच नाही. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा आला: कोणतंही बटण दाबा, आणि दहापासून उलटी मोजणी. अहो, वाचू तरी द्या! अर्थ लागेपर्यंत वेळ संपली, लॅपटॉप निमूट सुरू झाला. वायफाय नाहीच. टर्मिनलमधून ड्रायव्हर लोड करायला गेलं की एकच उत्तर: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’, म्हणजे किल्ली नाकारली.

भानगड अशी, की सिक्युअर बूट (लॅपटॉप सुरू होताना सॉफ्टवेअरची सही तपासणारी सोय) चालू असताना मान्य डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आत घेत नाही. आपल्या मशीनवर तयार झालेल्या ड्रायव्हरवर ज्या डिजिटल किल्लीची (‘की’ची) सही असते, ती किल्ली त्या निळ्या पडद्यावर आपण मंजूर करायची असते. तिथे ‘एनरोल मोक’ (मोक म्हणजे हीच किल्ली), मग ‘कंटिन्यू’, ‘यस’, तो मघाचा पासवर्ड आणि रीबूट. हुकलं की सगळं पहिल्यापासून. ‘सिक्युअर बूट बंद करून टाक’ असा सल्ला जो तो देतो. मी इरेला पेटलो होतो, बंद केलं नाही. मोकयुटिल या कमांडने ती किल्ली पुन्हा नोंदवायला दिली आणि पडदा यायच्या आधीच एंटरवर बोट ठेवून बसलो. नेटवर्कची यादी दिसली तेव्हा कोण आनंद झाला!

पासवर्ड साध्या अक्षरांचा ठेवा, त्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा धरला जातो. आणि हो, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: इन्स्टॉल करण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (म्हणजे लॅपटॉपवर न टाकताच) चालवा आणि वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपून पुन्हा जागं होणं, एवढं तपासा. वेंटॉय नावाचं सॉफ्टवेअर वापरलं तर एकाच पेनड्राइव्हवर चार डिस्ट्रोंच्या आयएसओ (इन्स्टॉल करायच्या फाइल) मावतात. डेबियन या डिस्ट्रोला फर्मवेअर (वायफायसारख्या चिपना लागणारं सॉफ्टवेअर) वेगळं शोधावं लागतं, हा सल्लाही आता जुना झाला. 2023 च्या डेबियन 12 पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं.