अंगणातलं वृंदावन

गोव्यात देवघर घरात असतं, पण उंबऱ्याबाहेरची पवित्र जागा म्हणजे तुळस. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीज काळातल्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाच्या) फर्मानानं ती अंगणात लावायलाच बंदी घातली होती, यावरून तिचं मोल कळावं.

तुळस मरते ती बहुधा पावसाळ्यात, मुळाशी पाणी साचून. वृंदावन चिऱ्याचं असो वा सिमेंटचं, तळाला भोक हवंच. त्यावर चार बोटं चिऱ्याचे तुकडे, मग दोन भाग माती, एक भाग रेती, एक भाग कुजलेलं शेणखत. दिवा कोनाड्यातच ठेवा. बुंध्याशी ठेवला तर तेल मातीत मुरतं, मुळं गुदमरतात. मंजिऱ्या वेळीच खुडा, नाहीतर झाड लवकर वठतं. व्हडल्या दिवाळीला, म्हणजे तुळशीच्या लग्नाला, ऊस आणि दिंड्याची (एका रानझुडपाची) काठी कडेला खोचा, मधोमध रोवली की मुळं तुटतात.