पाठ दाखवणारे

कोल्हापुरात पाठ ही लपवायची गोष्ट. खासबागेच्या कुस्ती मैदानात तांबड्या मातीला दोन्ही खांदे टेकले की खेळ खलास. पंचाने शिट्टी मारायच्या आधी अख्ख्या मैदानाला निकाल कळलेला असतो. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये हे मैदान बांधून घेतलं तेच खोलगट, पार शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही कुणाची पाठ लागली ते दिसावं असं. मराठीत ‘पाठ दाखवली’ म्हणजे पळाला.

आणि याच गावात एखाद्या पेठेतलं तरुण मंडळ शरीरसौष्ठवाची ‘श्री’ स्पर्धा भरवतं, तेव्हा स्टेजवरची पोरं ओळीने वळून लोकांकडे पाठ करतात आणि खालून आरोळी उठते, ‘पाठ बघ भावा, पाठ! नादच खुळा!’

शरीरसौष्ठवाच्या ठरलेल्या सात पोझपैकी पाठीच्या दोनच. तरीही स्पर्धा पाठीवर जिंकली जाते, असं या खेळातली जुनी मंडळी सांगतात. कारण सरळ आहे. छाती आणि दंड आरशात दिसतात म्हणून सगळेच त्यांची मेहनत घेतात. सोमवारी कुठल्याही जिममध्ये बेंच प्रेसला नंबर लावावा लागतो. पाठ मालकाला दिसत नाही, तिथे आळस मावतो. समोरून बरोबरीत असलेले दोघे वळले की कुणी वर्षभर न दिसणारं काम केलं, ते उघडं पडतं.

या स्पर्धांच्या इतिहासाकडे पाठीमागून पाहिलं तर तो जरा वेगळा दिसतो. १९४८ मध्ये लंडनला ‘मिस्टर युनिव्हर्स’ झाली. जॉन ग्रिमेक पहिला, स्टीव्ह रीव्ह्ज दुसरा. रीव्ह्जने १९५० मध्ये किताब मिळवला. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या मनतोष रॉय यांनी आणि १९५२ मध्ये मनोहर आईच यांनी तिथे आपापला गट जिंकला. आईच यांची उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. १९६६ मध्ये आर्नोल्ड श्वार्झनेगर तिथे चेट यॉर्टनच्या मागे दुसरा आला, तेव्हा त्याच्या पोटऱ्यांना नावं ठेवली गेली. पोटरी मागूनच नीट दिसते, हे विसरू नये.

‘मिस्टर ऑलिंपिया’ निघाली १९६५ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये. ‘मिस्टर युनिव्हर्स’ झालेल्या लॅरी स्कॉटला जिंकायला काही उरलंच नव्हतं म्हणून शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा भरवणाऱ्या जो वीडरने किताबवाल्यांसाठी वरची पायरी बांधली. पहिल्या वर्षी स्पर्धक तीन. १९६८ मध्ये सर्जिओ ऑलिव्हा आणि १९७१ मध्ये आर्नोल्ड, दोघेही चक्क बिनविरोध. आपल्याकडच्या सोसायटीच्या निवडणुकीसारखंच, फक्त अर्ज मागे घ्यायला कुणाला गळ घालावी लागली नाही.

पाठीचं राज्य खरं सुरू झालं ते १९८४ पासून. ली हेनी आठ वेळा, डोरियन येट्स १९९२ ते १९९७ सहा वेळा, मग रॉनी कोलमन १९९८ ते २००५ पुन्हा आठ वेळा. बावीस वर्षांत तीन माणसं, आणि तिघांचीही पाठ बाकीच्यांना घरी बसवणारी. कोलमन १९९७ मध्ये नववा होता, वर्षभरात पहिला.

ती पाठ तयार होते ओढण्यातून. पुलअप, बारबेल रो (वाकून वजनाचा दांडा पोटाकडे ओढणं), डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उभं राहून उचलणं). चूक बहुतेकांची एकच: वजन हाताने ओढतात. मग दंड आधी थकतो आणि पाठ कोरडीच राहते. हात म्हणजे नुसता हूक समजायचा, कोपर मागे न्यायचं, वर एक सेकंद थांबायचं आणि सोडताना घाई करायची नाही. पकड आधी सुटत असेल तर मनगटाला पट्टा बांधावा, त्यात कमीपणा नाही. रो मारताना तळवे पुढे करून उलटी पकड घेतली की जड वजनाला ताणलेल्या दंडावर सगळा भार येतो. १९९४ मध्ये येट्सचा डावा बायसेप्स याच पकडीत फाटला. डेडलिफ्टला कंबर गोल झाली की थांबायचं, सेट पुरा व्हायचा असला तरी. कोलमनने ३६३ किलो दोनदा उचललं. पुढे त्याच्या मणक्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, चालायला कुबड्या आल्या. उचललेल्या वजनाचे व्हिडिओ पोरं रोज बघतात, कुबड्यांचे कमी.

पाठ कमावणं एक आणि दाखवणं दुसरं. ‘बॅक डबल बायसेप्स’ या पाठीच्या पोझला एक पाय मागे चवड्यावर टेकायचा, पोटरी आवळायची, कुल्ले घट्ट, मग हात वर. इथे किंचित मागे झुकावं लागतं, कारण पंच खाली बसलेले असतात. सरळ उभा राहिला तर वरची पाठ त्यांना लांब गेल्यासारखी दिसते. ‘लॅट स्प्रेड’ला मुठी कमरेवर, कोपरं पुढे, आणि पाठ छत्रीसारखी उघडायची. नवखा इथे खांदे कानापर्यंत उचलतो आणि मान गायब होते. पडद्यामागे रबर ओढून पाठ गरम करावी, पण मांड्यांना हात लावू नये. रक्त भरलं की त्यांच्यावरच्या रेघा पुसट होतात.

खासबागेत वाढलेल्या माणसाला सगळ्यात जड जातं ते निकालाचं. पंच क्रमांक देतात, पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. ज्याची बेरीज कमी तो जिंकतो. टोकाचे आकडे गाळून टाकतात. पाठ लागली की नाही, याचा साक्षीदार कुणीच नसतो, असतो फक्त कागद. १९८० मध्ये सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये ‘मिस्टर ऑलिंपिया’ला आर्नोल्ड पाच वर्षांनी परतला, सिनेमासाठी केलेल्या व्यायामाच्या जोरावर उतरला आणि जिंकला. लोकांनी हुर्यो केली. तिथे हरलेला माइक मेंट्झर पुन्हा कधी स्पर्धेत उतरला नाही. चितपट असती तर एवढी वर्षं वाद चालला नसता. पण दोष पंचांचाच, असं मानायला मी तयार नाही: घोटीव आणि अवजड यांत कोण सरस, हे मोजायला तराजू नाही.

शेवटी राहतो रंग. स्टेजचे दिवे गोरी काय, सावळी काय, कुठलीही कातडी सपाट करून टाकतात, म्हणून आदल्या रात्री दोन हात आणि सकाळी एक हात टॅन लावतात. आधी अंग खसखसून घासायचं, त्या दिवशी क्रीम नाही, डिओ तर मुळीच नाही. काखेत टॅन हिरवट होतो. छाती, हात, मांड्या ज्याच्या त्याला रंगवता येतात. पाठीला मात्र दुसऱ्याचाच हात लागतो, आखाड्यात मालिशला लागतो तसा. तो दोस्त घाईत असला की खांद्यांच्या दोन पात्यांच्या मधोमध तळहाताएवढा फिका डाग राहतो. ज्याची पाठ आहे त्याला तो दिसत नाही. पोरगा वळतो, आणि तो डाग पहिल्या रांगेतल्या पंचांना आधी दिसतो.