शिक्क्यात सिंह घालण्याआधी

सिंहस्थ जवळ आला की नाशिकच्या छपाईवाल्यांकडे पास, गाडीचे स्टिकर, रबरी शिक्के यांची रीघ लागते. त्यात एक ठरलेली फर्माईश असते: ‘वर तेवढे तीन सिंह टाका, वजन पडतं.’ तिथेच हात आवरायचा. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये पासपोर्टवर छापतात ते सिंह सरकारचे. परवानगीशिवाय आपल्या मशीनवर छापले की गुन्हा.

राजचिन्हासाठी 2005 चा स्वतंत्र कायदा आहे. कागद सरकारी वाटेल असा वापर कलम 3 ने बंद, धंद्या-व्यवसायासाठीचा कलम 4 ने. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही; गैरलाभासाठी कलम 4 मोडलं तर कैद किमान सहा महिने. खटल्याला केंद्राची पूर्वमंजुरी लागते, म्हणून मंडळी निर्धास्त असतात. पण त्याच कागदावर कुणाला गंडवलं, तर फसवणुकीचा गुन्हा वेगळा.

‘सिंह जरा वेगळे काढू, सत्यमेव जयते गाळू’ ही डिझायनरची पळवाट चालत नाही. मिळतीजुळती नक्कलही कायद्यात धरलेली आहे.

व्हिजिटिंग कार्डाचा घोळ सगळ्यात मोठा. चिन्ह कुणी वापरायचं हे 2007 च्या नियमांत ठरलेलं आहे, आणि माजी मंत्री, माजी खासदार-आमदार, निवृत्त अधिकारी त्यातून स्पष्टपणे वगळलेत. खुर्ची गेली की सिंह गेले. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. नोटरीच्या शिक्क्याचंही तसंच. नियमात आहे साधा गोल शिक्का, व्यास 5 सेंमी. त्यात नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक, ‘नोटरी’ हा शब्द आणि नेमणाऱ्या सरकारचं नाव. सिंहांचा उल्लेखच नाही, तरी शिक्केवाले सवयीने बसवतात.

दुसरा कायदा 1950 चा, ठरावीक नावं-चिन्हं धंद्यासाठी वापरायला बंदी घालणारा, आणि तो आपल्याकडे जास्त नडतो. त्याच्या यादीत राष्ट्रध्वज, अशोकचक्र, संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह यांच्यासोबत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी आणि पंतप्रधान यांचं नाव व चित्रही आहे. नुसता ‘शिवाजी’ हा शब्दसुद्धा. गल्ल्यामागे महाराजांची तसबीर लावणं ही श्रद्धा; मसाल्याच्या पाकिटावर तीच छापली की धंदा, आणि त्याला केंद्राची पूर्वपरवानगी हवी. जाहिरात नसलेल्या कॅलेंडरवरच्या चित्राला तेवढी सूट आहे. या यादीतलं चिन्ह ट्रेडमार्क म्हणूनही नोंदत नाही (1999 चा कायदा, कलम 9). म्हणून आधी नाव तपासा, मग पाटी रंगवा. इथे उलटं करतात, आणि अर्ज फेटाळला की पाटी, पाकिटं, बिलबुकं सगळं रद्दीत.

मेडिकल, दवाखाना, खासगी रुग्णवाहिका यांनी पांढऱ्यावरचा लाल क्रॉस टाळावा. तो रेडक्रॉसचा, 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने राखलेला. हिरवा क्रॉस घ्या.

ऑर्डर घेताना गिऱ्हाईक ‘साहेबांनी सांगितलंय’ म्हणालं, तर कार्यालयाचं सहीशिक्क्याचं पत्र मागा. तेच फाइलला लावा. काम झाल्यावर संगणकातली सिंहांची फाइल पुसा, नाहीतर पुढच्या लेटरहेडवर ती आपोआप चिकटते.