तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्यातली माणसं रविवारी कुठे जातात?

पुण्या-मुंबईचे पाहुणे हातपाय धुवून बसले की हमखास विचारतात, "तुम्ही तर गोव्यातच राहता. मग सुट्टीला जाता कुठे?" पटकन उत्तर द्यायचं तर "नदीपलीकडे" एवढंच सुचतं. आज जरा सविस्तर सांगते.

मी ताळगावच्या पठारावर राहते, गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. १९८५ साली हे विद्यापीठ झालं. त्याआधी गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. आमचा दिवस पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्याने उजाडतो. सायकलच्या टोपलीतली पोई, म्हणजे कोंड्याचा गोवेकरी पाव, हातात घेतली की कोंडा बोटांना लागतो आणि कागदातूनही ऊब जाणवते. पणजीची बस विद्यार्थ्यांना घेऊन चढण चढते. पावसाळ्यात ग्रंथालयाच्या दाराशी ओल्या छत्र्यांची रांग लागते आणि बाहेरचा काळा पडलेला जांभा आठ दिवसांत हिरवा होतो. संध्याकाळी मुलं गेली की आवार इतकं शांत होतं की मोराची साद थेट स्वयंपाकघरात येते. खाली झुवारी नदीत बार्जचे दिवे लागतात. मला हे आयुष्य मनापासून आवडतं.

तरी रविवारी आम्ही निघतो. स्कूटरने बांबोळीवरून जुन्या गोव्याला, आणि तिथल्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर. काही मिनिटांचाच प्रवास, पण पलीकडे उतरलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाजन शेती लागते. माझा पाय तिथून निघत नाही. नदीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेले, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात. ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना यंत्र. एकदा ओहोटी लागताना मी तिथेच बसून राहिले होते. आधी फटीतून पाण्याची बारीक धार आली, मग दार करकरलं आणि सगळं पाणी एकदम सुटलं. पाण्याबरोबर मासे येतात, म्हणून तोंडाशी जाळं लावलेलं असतं.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक फेरी मिळते, ती नार्व्याला नेते. मला ही फेरी जास्त जवळची, कारण सप्तकोटेश्वरही याच वाटेने गेला. कदंब राजांच्या या दैवताचं देऊळ दिवाडीवर होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडलं. लिंग विहिरीच्या कामाला लावलं होतं आणि भक्तांनी ते तिथून सोडवलं, असं सांगतात. नदीपलीकडे डिचोली आदिलशहाकडे होती, तिथे नार्व्याला देवाला आसरा मिळाला. पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ नव्याने बांधायला घेतलं. दारावरच्या शिलालेखात शके १५९० वाचताना आजही अंगावर काटा येतो. देऊळ मोठं नाही. चिऱ्याच्या भिंती, उतरती कौलं, समोर दीपमाळ, मागे झाडी. अलीकडेच पुरातत्त्व खात्याने त्याची नीट डागडुजी केली. जुनं रूप राखलं याचं मला फार समाधान वाटतं.

परतीला संध्याकाळच्या फेरीवर गर्दी असते. भाजीच्या टोपल्या, शाळकरी पोरं, स्कूटरी. जागा नसली तर धक्क्यावर थांबायचं, पुढची येतेच.

तेव्हा पुढच्या खेपेला याल, तेव्हा एक रविवार माझ्यासाठी राखून ठेवा. पदेर येऊन गेला की निघू. पोई मी बांधून घेते, तुम्ही फक्त ओहोटीची वेळ बघून ठेवा.