ठराव पंचायतीचा, निकाल गावाचा

फेब्रुवारी 2025 मधली सकाळ. साडेसातलाच जिल्हा परिषद शाळेच्या फाटकाबाहेर रांग लागली होती. आत चार वर्गखोल्या, खोलीगणिक एका प्रभागाची यादी, नोंदणीचं टेबल, पुठ्ठ्याच्या आडोशाचे दोन मतदान कक्ष आणि सील केलेली पेटी. दिसायला निवडणूक, पण ती ग्रामसभा होती. जनतेतून थेट निवडून आलेल्या सरपंचताईंवर पंचायतीने मंजूर केलेला अविश्वास ठराव गावाला मान्य आहे का, हे गुप्त मतदानाने ठरायचं होतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने तिथलं अध्यक्षपद माझ्याकडे होतं.

असा दिवस उगवतो कशामुळे, ते आधी सांगायला हवं. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायत समितीचा सभापती आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्यांनी आपल्यातूनच निवडायचा, असं बांधून दिलं. सरपंचाची निवड कशी करायची, हे मात्र अनुच्छेद 243-सी ने राज्याच्या कायद्यावर सोडलं. त्यामुळे सरकार बदललं की सरपंचाची निवड बदलते. 2017 मध्ये थेट निवड आली, 2020 मध्ये महाविकास आघाडी सरकारने ती रद्द करून सदस्यांतून निवड परत आणली, 2022 मध्ये नव्या सरकारने पुन्हा थेट निवड केली. जानेवारी 2021 ला मतदान झालेल्या गावात सरपंच सदस्यांनी निवडलेला. डिसेंबर 2022 ला मतदान झालेल्या शेजारच्या गावात थेट जनतेने. तालुका एक, कायदा एक आणि सरपंच दोन तऱ्हेचे. सदस्यांनी निवडलेल्या सरपंचाचा निकाल पंचायतीच्या सभेतच लागतो. थेट सरपंचाच्या बाबतीत दुसरा टप्पा असतो, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

आमच्या गावातलं गणित असं होतं. सदस्य 11, सरपंच धरून 12, कारण सभेत बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क सरपंचालाही आहे. प्रस्ताव दाखल करायला दोन तृतीयांश, म्हणजे 8 सह्या. मंजूर व्हायला तीन चतुर्थांश, म्हणजे 9 मतं. अपूर्णांक आला तर तो नेहमी वरच्या आकड्याला न्यायचा, कारण कायदा ‘पेक्षा कमी नाही’ असं म्हणतो. निवडीनंतरची पहिली दोन वर्षं आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने प्रस्ताव आणताच येत नाही, म्हणून तारखा आधी तपासायच्या. तहसीलदारांनी नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत बोलावलेल्या सभेत ठराव 10 विरुद्ध 2 असा मंजूर झाला होता. सरपंचांना त्या सभेत बोलू दिलं आणि ते इतिवृत्तात लिहिलं, हे इथे फार महत्त्वाचं. ती एक ओळ राहिली, तर पुढचं सगळं न्यायालयात अडकू शकतं.

ग्रामसभेच्या दिवशी पहिली अडचण आली ती यादीची. ग्रामसभा म्हणजे आज यादीत नाव असलेला प्रत्येक मतदार. छापून आली होती ती मात्र डिसेंबर 2022 च्या निवडणुकीची प्रभागनिहाय यादी. सव्वाआठला तीन-चार पोरं ओळखपत्र पुढे धरून उभी राहिली. नाव नाही. दोन वर्षांत अठरा पूर्ण झालेली ती मुलं, त्यांच्याशिवाय ती सभा गावाची कशी म्हणायची? नोंदणी थांबवली, ध्वनिक्षेपकावरून कारण सांगितलं आणि पुरवणी यादी आणायला मोटारसायकल पाठवली. ती 9 वाजून 50 मिनिटांनी आली. तोवर रांगेतली कुरकुर वाढली होती, दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांकडे संशयाने पाहत होते. ही चूक टाळायला एकच उपाय आहे: सभेची नोटीस निघाली, त्याच दिवशी चालू विधानसभा यादी आणि तिच्या सगळ्या पुरवण्या घेऊन प्रभागवार फोड करायची, आणि जुन्या छापील प्रतीवर फुली मारून ती बाजूला ठेवायची.

नोंदणी लांबल्यावर फाटक बंद करायची वेळही लांबवली, साडेबाराला. त्या क्षणी आवारात असलेल्या सगळ्यांचं मतदान घ्यायचं, नंतर आलेल्याला आत घ्यायचं नाही. एका टेबलावरून तासाला साधारण 80 माणसं पुढे सरकतात: नाव शोधणं, सही किंवा अंगठा, शाई, मतपत्रिका. चार टेबलांवर 320. आवारात 1,746 मतदार होते, म्हणजे साडेपाच तास. ग्रामसभेच्या गणपूर्तीला शंभर माणसं पुरतात, पण शंभरच्या हिशेबाने मांडव, पाणी आणि पोलीस मागितले तर काय होतं ते त्या दुपारी दिसलं. उन्हात उभ्या बायकांसाठी शेवटी शाळेचा व्हरांडा मोकळा करून द्यावा लागला.

मतदानाआधी ठराव त्यातल्या कारणांसह वाचून दाखवला. सूचकाला पाच मिनिटं, सरपंचांना पाच मिनिटं. दोघांनीही वेळ पाळला आणि गावाने दोघांचंही शांतपणे ऐकलं. मला ही दहा मिनिटं सगळ्यात मोलाची वाटतात. ती नसती तर उरली असती नुसती पेटी.

दुपारी दोनच्या सुमाराला दुसऱ्या खोलीत एक आजी घडी न घातलेली पत्रिका घेऊन कक्षातून परत आल्या. पत्रिकेवर छापलं होतं, ‘सरपंचांविरुद्धचा अविश्वास ठराव’, खाली दोन चौकटी, ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’. आजी म्हणाल्या, “साहेब, मला सरपंचबाईला हो म्हणायचंय. मग मंजूरवरच मारायचा ना शिक्का?” कोणत्या चौकटीवर शिक्का मारा, हे सांगणं आमच्या हातात नसतं, पत्रिकेचा अर्थ सांगणं असतं. “आजी, ठराव मंजूर झाला तर सरपंच जातात, नामंजूर झाला तर राहतात. आता तुमचं तुम्ही ठरवा, आणि मला सांगू नका.” त्या पुन्हा कक्षात गेल्या. त्यानंतर हेच वाक्य दर पंधरा मिनिटांनी ध्वनिक्षेपकावरून वाचायला लावलं. पण तोवर निम्मी मतं पेटीत पडली होती. दारूबंदीच्या मतदानाला आडवी बाटली आणि उभी बाटली ही चिन्हं असतात, ती कुणालाही कळतात. इथे मात्र ‘हो’ चा अर्थ ‘नको’ होतो.

सहाला पेट्या फळ्यासमोर आणल्या. आधी चारही पेट्यांतल्या पत्रिका मोजून नोंदवहीतल्या सह्यांशी ताळा घेतला, मग सगळ्या एकत्र मिसळल्या, म्हणजे कुठल्या प्रभागाने काय केलं ते कळत नाही. पन्नास-पन्नासचे गठ्ठे. घडी चुकल्याने शाई समोरच्या चौकटीत उमटली असेल, तर मूळ ठसा ठळक आणि उलटा उमटलेला फिका असतो. अशी पत्रिका बाद करायची नसते. मंजूर 812, नामंजूर 896, बाद 38. ठराव फेटाळला गेला.

दहा सदस्य भिंतीपाशी उभे होते. आता दोन वर्षं नवा प्रस्ताव नाही, मग मुदत संपण्याआधीचे सहा महिने लागू होईपर्यंत जेमतेम पाच महिन्यांची फट. तोवर याच बारा जणांनी मासिक सभा चालवायची आहे आणि वित्त आयोगाच्या प्रत्येक देयकावर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, दोघांची डिजिटल सही लागणार आहे. ज्यांनी निवडलं त्यांनीच काढावं, हे तत्त्व मला मनापासून पटतं. पण कायद्याने हा दुसरा टप्पा एका वाक्यात सांगितला आहे, आणि यादी, वेळ, पत्रिका, बंदोबस्त यांचा तपशील ज्याच्या हाती काम येतं त्याने जमवायचा. इतकं मोठं पद पणाला लागतं, तर त्याचे सविस्तर नियम हवेतच.

बाद 38 पैकी 21 पत्रिकांवर दोन्ही चौकटींत शिक्के होते. त्याच आठवड्यात पत्रिकेचा नवा मसुदा वरिष्ठांकडे पाठवला. ठरावाच्या खाली मोठ्या अक्षरांत एकच ओळ वाढवली आहे: ‘मंजूर म्हणजे सरपंच पदावरून जातील, नामंजूर म्हणजे पदावर राहतील.’