फोनने ‘पिल’चं ‘बिल’ केलं

परदेशी नोकरीला निघालेल्या नर्सेसना मी पुण्यात इंग्रजी उच्चार शिकवते. सरावाला फोनवरचं डिक्टेशन, म्हणजे आपण बोलायचं आणि फोनने ते लिहायचं. भाषा ब्रिटिश इंग्लिश ठेवायची आणि सुटा शब्द बोलायचा. पूर्ण वाक्य बोललं की फोन संदर्भावरून चूक सावरून घेतो. उच्चाराला गुण देणारी अ‍ॅप्सही आहेत, पण त्यांतली काही नुसतं ‘७० टक्के’ म्हणून मोकळी होतात. चुकलं काय, ते सांगत नाहीत.

त्या दिवशी शब्द होता ‘पिल’, म्हणजे गोळी. जिच्या तिच्या स्क्रीनवर ‘बिल’.

“मॅडम, फोन बहिरा झालाय.”

फोनचं बरोबर होतं. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘पी’बरोबर हवेचा झोत सुटतो आणि स्वर जरा उशिरा सुरू होतो. लिस्कर आणि अब्रॅमसन या ध्वनिअभ्यासकांनी १९६४ साली अकरा भाषांमध्ये हा उशीर मोजला होता, त्यात मराठीही होती. इंग्रजी ‘पी’ला सरासरी ५८ मिलिसेकंद. आपल्या ‘प’मध्ये तो जवळपास नसतोच, म्हणून इंग्रजी कानाला तो ‘बी’ वाटतो.

हे कुणाला पटेना. मग लॅपटॉपवर ‘प्राट’ उघडलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या बुर्स्मा आणि वेनिंक यांचं हे आवाजाचा आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एका ब्रिटिश माणसाच्या आवाजातलं ‘स्पिल’ घेतलं, ‘एस’चा करडा खरखरीत पट्टा माउसने निवडून कापला आणि उरलेलं वाजवलं. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, “पिल!” तोच आवाज फोनला ऐकवला. फोनने लिहिलं, ‘बिल’.

“अगं बाई, गोऱ्याचंसुद्धा?”

‘एस’नंतरच्या ‘पी’ला गोऱ्याच्या तोंडीही झोत नसतो. आता पटलं. उपाय आपल्याच बाराखडीत आहे. ‘टाइम’ला ‘ठ’, ‘केअर’ला ‘ख’ लावायचा, की काम बरंचसं भागतं. घोडं अडतं ते ‘प’पाशी, कारण आपल्यातले बहुतेक जण ‘फ’ हल्ली खालच्या ओठावर दात टेकवून म्हणतात. ‘फिल’ म्हणावं तर फोन ‘भरणे’वाला ‘फिल’ लिहितो.

बॅचमधली एक मुलगी मात्र ‘फळ’, ‘फूल’ दोन्ही ओठ मिटून म्हणायची, जुन्या वळणाचं. हॉस्टेलवर त्यावरून तिची थट्टा चाले. तिला म्हटलं, “तुझ्या फळातल्या ‘फ’ने ‘फिल’ म्हण.” फोनवर उमटलं ‘पिल’. प्राटमध्येही ओठ उघडल्याची उभी रेघ आणि स्वर यांच्यामध्ये झोताचा धुरकट पट्टा स्पष्ट दिसत होता. बाकीच्यांच्या आलेखात तिथे जागाच नव्हती.

पुढचा तास तिनेच घेतला म्हणायला हरकत नाही. “आधी ओठ चिकटव, मग सोड,” असं दरडावत ती प्रत्येकीकडून ‘पेन’, ‘पल्स’, ‘पेशंट’ घोटून घेत होती. उत्साहाच्या भरात कुणीतरी ‘स्फून’ म्हणालं, तेव्हा मला मध्ये पडावं लागलं: ‘एस’नंतर झोत नाही, तिथे आपला साधा ‘प’च चालतो.